वर्षावासातली कडू वडी

माझे सासरे पुंजाराम यांना घरात सगळे नाना म्हणतात. एकतीस वर्षं ते हरसूलच्या डोंगरी भागात पोस्टमन होते. पत्रांची पिशवी खांद्याला आणि पाड्यापाड्यांवर पायी. ओहोळ भरला की चपला हातात. निवृत्तीनंतर नाशिकला आमच्याकडे आले, पण पायांचा अभिमान गेला नाही. दर पौर्णिमेला त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या चढून वंदना करायची, हा त्यांचा नेम.

गेल्या वर्षी निम्म्या पायऱ्यांवर त्यांची पोटरी धरली. थांबलं की बरं, चाललं की पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. रोज चाला, तंबाखू सोडा, आणि गुठळी होऊ नये म्हणून रात्री जेवणानंतर ही गोळी. नानांनी तंबाखू त्याच दिवशी सोडली.

माझी मुलगी साक्षी फार्मसी शिकते. यंदा जूनमध्ये तिने त्यांना डार्क चॉकलेट आणून दिलं.

"नाना, यात कोको जास्त आहे. रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात, रक्त बरं फिरतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. रोज एकच वडी हां."

नानांनी वडी तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. "हे पोरांना देतात? पोरं रडतील की गं."

"हे कडूच असतं."

"मग औषधच म्हण ना."

आम्ही दोघी हसलो.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास, पावसाळ्यातला तीन महिन्यांचा व्रताचा काळ, सुरू झाला. नानांनी तिन्ही महिने अष्टशील धरलं, म्हणजे दुपारी बारानंतर जेवण नाही. या वयात एवढा निग्रह, म्हणून मला फार कौतुक. विहारात चार बायकांना सांगूनही झालं. रात्री मी गोळी वाटीत काढून त्यांच्या तांब्याशेजारी ठेवायचे. सकाळी वाटी रिकामी. मग रोजच्या वहीत लिहायचे, 'नानांची गोळी झाली.'

श्रावण पौर्णिमेच्या सकाळी त्यांचा उजवा पाय गार पडला. अंगठ्याशेजारचं बोट काळंनिळं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलं तेच विचारलं, "गोळी चुकली का?"

"नाही, रोज घेतात," मी म्हणाले.

नाना खोटं बोलत नाहीत. त्यांनी खिशातून तंबाखूची जुनी डबी काढून टेबलावर ठेवली. आत एकोणतीस गोळ्या.

"जेवणानंतरची गोळी ना ही," नाना म्हणाले. "रात्री जेवणच नाही, तर घ्यायची कशी? वाया जाऊ नये म्हणून डबीत टाकत गेलो. शीलात औषधाला मनाई नाही, म्हणून ती कडू वडी घेत होतो. तीही रक्ताचंच काम करते."

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "आजोबा, चॉकलेटने कदाचित थोडाफार फायदा होत असेल, अजून पक्कं नाही. पण गोळीच्या जागी ते चालत नाही. ही गोळी तुम्ही दुपारच्या जेवणानंतर घेतली असती तरी चाललं असतं. एकदा विचारायचं होतंत."

पाय वाचला. ते बोट काढावं लागलं.

साक्षी दोन दिवस जेवली नाही. नानांनीच तिला जवळ बसवलं. "वडी तू दिलीस. गोळी सोडा असं तू कुठं म्हणालीस? ते डोकं माझं."

माझं मात्र त्यांनी काही काढलं नाही. वही उघडली की ती एकोणतीस पानं पुढे येतात. न बघितलेलं मी बघितल्यासारखं लिहिलं होतं. रोज पंचशील म्हणणारी मी, खोटं न बोलण्याचं चौथं शील असं मोडत होते आणि कळलंही नाही.

आश्विन पौर्णिमेला, वर्षावासाच्या शेवटच्या दिवशी, नाना काठी घेऊन लेण्यांपर्यंत आले. वर बघितलं, आणि पहिल्याच पायरीवर बसले.

"आज वंदना इथूनच."

साडेअकराला डबा उघडला. जेवून त्यांनी तळहात पुढे केला. मी गोळी ठेवली. त्यांनी ती पाण्याबरोबर गिळली आणि रिकामा हात मला उलटासुलटा करून दाखवला.

"अंजली, आता लिही."