डावं दार तेवढं धुतलं

गजभिये काकांचा रुमाल तांबडा झाला होता आणि रॅलीच्या गाडीचं डावं दार पांढरंशुभ्र. काका कमरेवर हात ठेवून कौतुकानं दाराकडे बघत होते. मी बघत होते शेजारच्या पाटीकडे. पाटीवर मीच मोठ्या अक्षरांत छापून घेतलं होतं : ‘शेवटच्या रॅलीचा चिखल, जसाच्या तसा.’

भिलाईहून जामुलकडे जाताना एका जुन्या वर्कशॉपच्या शेडमध्ये आमचं मोटरस्पोर्ट म्युझियम आहे. मी तिथली मॅनेजर. मोटरस्पोर्ट म्हणजे गाड्यांच्या शर्यती, आणि रॅली म्हणजे त्यातली कच्च्या रस्त्यांवरून, नाल्यांतून धावणारी. आमच्याकडे थोड्या मोटरसायकली आहेत, गो-कार्ट आहेत, हेल्मेटं पुष्कळ आहेत. रॅलीची खरीखुरी गाडी मात्र ही एकच. तीही आमची नाही, लोनवर आहे. लोन म्हणजे मालक वस्तू लोकांना बघायला ठेवतो आणि मनात आलं की घेऊन जातो. हे मालक नागपूरचे जुने रॅली ड्रायव्हर. गाडी देताना त्यांनी एकच अट घातली होती, पुसायची नाही. याला आमच्या कामात ओरिजिनल कंडिशन म्हणतात. पोचे, ओरखडे, घाण, सगळं आहे तसं ठेवायचं. बाकी जगात घाण गेली की वस्तूची किंमत वाढते, आमच्याकडे उतरते.

ते मालक उन्हाळ्यात वारले. त्यांच्या पत्नी सुनंदाताई त्याच दुपारी येणार होत्या. गाडी इथं ठेवायची की परत न्यायची, ते ठरवायला.

आणि दिवस नेमका विश्वकर्मा पूजेचा. या दिवशी आमच्याकडे कारखान्यातलं एकेक मशीन धुऊनपुसून त्याला हार घालतात. जन्म स्टील प्लांटमध्ये काढलेल्या माणसाला त्या दिवशी मळकं यंत्र दिसलं की त्याच्या जिवाला घोर लागतो. रोलिंग मिलमधून रिटायर झालेली मंडळी सकाळी तिकिटं काढून आत आली, तेव्हाच मला हे सुचायला हवं होतं. मी फोनवर होते. तेवढ्यात त्यांच्यातले गजभिये काका दोरी ओलांडून आत शिरले होते.

“काका, हे काय केलंत?”

“कावून? चांगलं नाही निंगालं का?”

“हात लावू नका असं लिहिलंय ना!”

“हात कोठी लावला? रुमाल लावला.” मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, “हे पाहा मॅडम, पूजाबिजा मी करत नाही, आमच्यात नसते. पण आजच्या दिवशी मशीन घाण? मिलमधी असं दिसलं असतं तं मेमो देला असता तुमाले.”

मागे त्यांचे दोस्त बोनेट कोणी पुसायला घ्यायचं यावर चर्चा करत होते.

मी सगळा प्रकार सांगितला तसा काकांचा चेहरा उतरला. मी डायरेक्टरना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, गाड़ी गई तो पब्लिक को क्या दिखाएँगे? हेल्मेट?” आणि फोन ठेवला. गाडी गेली तर माझी नोकरीही तिच्या मागोमाग जाणार, एवढं मला कळलं.

“उतई गावाले माह्या साडूचं वावर हाय,” काका हळूच म्हणाले. “असाच चिखल. आणून लावून देतो. कोणाले समजत नाही.”

“काका!”

“बरं, राहू द्या.”

सुनंदाताई आल्या तेव्हा बाकीची मंडळी सटकली होती. काका दारापाशीच उभे होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “बाई, हे मी केलं. मॅडमचा दोष नाही.”

सुनंदाताईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. पाटी वाचली. पुन्हा वाचली.

“रॅलीचा चिखल? असं सांगितलं यांनी?”

“हो. गाडी दिली तेव्हा स्वतः सांगितलं.”

त्या हसायलाच लागल्या. “अगं, रॅलीचा चिखल मी कधीच धुतला! अंगणात पाइप लावून. हे बाहेरगावी होते. आले आणि घर डोक्यावर घेतलं. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन कुठल्याशा तळ्यावर गेले आणि संध्याकाळी ही अशी माखून आणली. नंतर पाहुण्यांना सांगायचे, रॅलीचा चिखल आहे. ते सांगायला लागले की मी चहा ठेवायला आत जायचे.”

“म्हंजे मी तळ्याचा गाळ पुसला,” काका पुटपुटले.

सुनंदाताईंनी दारावरून हात फिरवला. आता त्या रडत होत्या, आणि लपवत नव्हत्या. “मी या दारानं बसायचे. दर वेळी साडी खराब. किती वर्षं म्हणत होते, अहो, एवढं एक दार तरी पुसा. पुसलं नाही.” मग काकांकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही पुसलंत, फार बरं केलंत.”

गाडी राहिली. हे दार असंच स्वच्छ ठेवायचं आणि बाकी गाडीला कोणी बोटही लावायचं नाही, कारण ती यांनी मेहनतीनं माखली आहे, असं त्यांनी बजावलं. पाटीचं काय करू म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “राहू दे की. त्यांनी इतक्या लोकांना सांगितलंय, मी एकटी कशाला खोटं पाडू?”

मी फक्त एक दुरुस्ती केली, ‘मालकाच्या सांगण्यानुसार’ एवढं आधी जोडलं. एकच दार स्वच्छ का, असं व्हिजिटर हमखास विचारतात. मी सांगते. ऐकून बायका नवऱ्यांकडे बघतात आणि नवरे हेल्मेटांकडे वळतात.

या धंद्यात मी एवढं शिकले : मालक सांगेल ते नीट लिहून घ्यावं, पण छापायला देण्याआधी त्याच्या बायकोला एकदा विचारावं.