परग्रहावरचा हनीफ आणि माझा आवाज

माफ करा, फार उशिरा लिहितोय.

हनीफ गेला. त्याचा चाळिसावासुद्धा होऊन गेला.

सून टाइप करतेय, मी सांगतोय. माझं शिक्षण सातवीपर्यंत, चुकलंमाकलं तर समजून घ्या.

रडूबिडू काही आलेलं नाही. टपरी उघडतो, पानं पुसतो, बंद करतो. डॉक्टरला दाखवावं का, असंही मनात येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

आमच्या रत्नागिरीत फोटो स्टुडिओवाल्या विनूभाऊंनी व्हिडिओवर परग्रहाची पिक्चर काढली होती. तीन भाग. त्यातला परग्रहावरचा माणूस म्हणजे हनीफ.

अंगात बोटीवरचा बॉयलर सूट, चांदीचा रंग मारलेला. डोक्यावर मिरजोळ्याहून करून आणलेलं फायबरचं हेल्मेट, काळ्या काचेचं. गावाबाहेरच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या माळावरचा, कातळ हाच परग्रह. मे महिना.

एकदा परग्रहावर म्हैस आली.

हेल्मेटमधून हनीफच ओरडला, "अगो ए, हल तिकडं! शूटिंग चाललंय!"

विनूभाऊ डोकं धरून खाली बसले.

हनीफ बोटीवर खलाशी. शूटिंग त्याच्या सुट्टीत व्हायचं आणि आवाज भरायच्या वेळी तो समुद्रात. म्हणून त्याचे डायलॉग मी बोललो. तिन्ही भागांत.

अंग त्याचं, आवाज माझा.

गणपतीत राजापूरपासून अलोऱ्याच्या कॉलनीपर्यंत पिक्चर दाखवली गेली. हनीफनं ती पुढच्या सुट्टीत पाहिली.

"बाळा, मेल्या! उन्हात भाजलो मी, आणि तोंड उघडलं तर आत तू पान खात बसलायस!"

हसला. पण नंतर दर भागाला विचारायचा, "मी असेपर्यंत आवाज भरून होईल ना?"

कधीच झालं नाही.

गेल्या वर्षी विनूभाऊंची मीनल आली. वडिलांमागे स्टुडिओ तीच बघते. चौथा भाग करायचा म्हणाली. जुन्या भागांच्या सीडी फिरतायत, लोक विचारतायत, आणि त्यांना नट जुनेच हवेत.

हनीफ तोपर्यंत रिटायर होऊन घरी.

"आता मला कुठली बोट पकडायचीय? या वेळेस बोलणार मीच."

रोज टपरीवर येऊन घोकायचा.

"परत आलोय मी. घाबरू नुको."

"हनीफ, नुको नाही. नका म्हण."

"परग्रहावरच्या माणसाला पुण्याचं मराठी कुणी शिकवलंन रे?"

गिऱ्हाईकं हसायची. मला आपली काळजी. मीनलला आवडलं नाही तर ह्याला सांगणार कोण?

शूटिंग पावसानंतर ठरलं होतं. हनीफ पावसातच गेला.

सकाळी नमाज पढून घरी आला, चहा मागितला. चहा यायच्या आत सगळं संपलं.

परवा मीनल टपरीवर आली.

"काका, हनीफकाकांचं फार वाईट झालं. पण काचेमागे चेहरा कुठे दिसत होता? सूट दुसरा कोणी घालेल. आवाज तुमचाच होता. म्हणजे ओरिजिनलच झालं ना?"

पोरगी वाईट नाही. तिचं काम आहे.

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला सांगता येत नाही.

घरी आलो. जेवलो. मासा कुठला होता तेही आठवत नाही.

त्याला एवढी एकच गोष्ट हवी होती. तीही पुन्हा माझ्याच वाट्याला येतेय.

काल भाभीकडे, म्हणजे हनीफच्या बायकोकडे, जाऊन बसलो, मीनलचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "ह्यांचा आवाज साजिदकडं असेल बघ. सायबर कॅफेत हेडफोन लावून बापानं सगळे डायलॉग म्हणून दाखवलंन त्याला. रेकॉर्ड करून घेतो, असं पोरगा म्हणत होता."

साजिद त्यांचा मुलगा. दुबईला असतो. त्याचा फोन लागत नाही. तो ह्या साइटवर आहे, असं सून म्हणते. म्हणून इथे लिहितोय.

मीनलला विचारलं. जसं असेल तसं आणा, म्हणाली. दिवाळीपर्यंत थांबते म्हणाली.

साजिद, बाबा, ते रेकॉर्डिंग असेल तर पाठव. नसेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. अब्बांचा आवाज ऐकवत नसेल तर तू ऐकू नकोस. नुसतं पाठव.

सून विचारतेय, खाली भावपूर्ण श्रद्धांजली लिहू का.

मी म्हटलं, थांब. आधी त्याला बोलू दे.

साजिद, लवकर कळव रे.

बाळाकाका