पांघरुणाबाहेरचे पाय

ऑफिसात तिला सगळे भागूबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथून ते फारसं कधी बाहेर पडलंच नाही. हे नाव ठेवणारा शिपाई स्वतः झुरळ दिसलं की टेबलावर चढायचा, पण ते कोणी मनावर घेतलं नाही. नाव चिकटलं, कारण ते शोभत होतं. बाई खरोखरच घाबरट होती. फोन वाजला की दचकायची. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची. साहेबांनी बोलावलं की आपलं काय काय चुकलं असेल याची यादी मनातल्या मनात करत जायची, आणि साहेबांना हवा असायचा फक्त स्टेपलर.

वीस वर्षं तिने समाजकल्याणाच्या त्या ऑफिसात टायपिंग केलं. घरोघर फिरून आलेल्या लोकांचे अहवाल तिच्यापुढे यायचे. सुनेने कोंडलेली सासू, मुलाने वाऱ्यावर सोडलेला बाप, सगळं तिच्या बोटांखालून जायचं. बाई टायपिंग करता करता डोळे पुसायची आणि पंख्याखालच्या खुर्चीत सुखरूप असायची. मग ज्याचे अहवाल त्यानेच कॉम्प्युटरवर टाइप करायचे असं ठरलं, आणि टायपिस्टची जागाच गेली. कोणीतरी तिची जुनी फाइल उघडली. आत समाजकार्याची पदवी निघाली. ती तिने तरुणपणी घेतली होती, कारण दुसरीकडे कुठे प्रवेश मिळाला नव्हता. झालं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिला तीन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन म्हाताऱ्या माणसांच्या घरभेटींवर पाठवायचं ठरलं.

प्रशिक्षण ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या कार्यकर्तीकडे, मोठ्या बाईंकडे होतं. तीस वर्षं लोकांचे जिने चढून त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते, पण आवाज खणखणीत. पहिल्या दिवशी त्या स्टोअररूमच्या दाराआड गेल्या आणि संतापलेल्या मुलाचं सोंग घेऊन ओरडल्या, "कोण कडमडलंय तिकडे?" भागूबाईच्या हातातली फाइल खाली पडली. आत फक्त मोठ्या बाई आणि जुने झाडू आहेत हे ठाऊक असूनही ती दोन पावलं मागे सरली.

तरी ती शिकली. दार ठोठावलं की समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. कशासाठी आलो ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं. तहान नसली तरी पाणी मागायचं, कारण माणूस पाणी आणायला वळला की त्याचा ताठा जरा उतरतो आणि दार उघडं राहतं. आणि डायरीत तीन रकाने आखायचे: पाहिलं, ऐकलं, वाटलं.

"यातला तिसरा रकाना पहिल्यात सांडू द्यायचा नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "एवढं जमलं तर बाकी सगळं जमेल. हे नाही जमलं तर घरी बसून स्वेटर विण."

भागूबाईला स्वेटर विणायला फार आवडलं असतं.

त्या शुक्रवारी दुपारी तिला एक भेट होती. एका शेजारणीने फोन केला होता की समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज गॅलरीत बसायच्या, त्या पाच आठवडे दिसल्या नाहीत. घरात त्या आणि त्यांचा मुलगा, दोघंच. मुलगा लाकडाच्या वखारीत कामाला. जिना अरुंद होता, भिंतीचा रंग खांद्याला लागत होता. दुसऱ्या मजल्यावरच भागूबाई परत फिरायचा बहाणा शोधू लागली. तिसऱ्यावर तिने बेल दाबली, आणि शिकलेलं सगळं त्या बेलबरोबर वाजून गेलं, कारण ती बरोब्बर दारासमोर उभी राहिली.

दार अर्धंच उघडलं. उघडणारा माणूस चौकटीएवढा होता. वरच्या पट्टीला त्याने एक हात लावला, तो हात भागूबाईच्या मांडीएवढा असेल.

"काय आहे?"

"नमस्कार... मी आपलं... सहज... म्हणजे ऑफिसातून..."

"कुठलं ऑफिस?"

तिने सांगितलं. काय सांगितलं ते तिला पुढे आठवेना. पाणी मागायचंही सुचलं नाही.

"आई झोपलीय," तो म्हणाला. मग आवाज चढला. "उठवू? उठवू का तिला? सांगा, उठवतो!"

त्याच्या काखेखालून तिला आतली खोली दिसत होती. लोखंडी पलंग, करडं पांघरूण, आणि पांघरुणाबाहेर आलेले दोन पाय.

"नको, नको. झोपू द्या," भागूबाई म्हणाली आणि तिने काढता पाय घेतला. तीन मजले ती कशी उतरली देव जाणे.

ऑफिसात पोचल्यावर तिने डायरी उघडली. पाहिलं: आजी पलंगावर शांत झोपलेल्या, प्रकृती ठीक. मग फॉर्म. त्यावर एक चौकोन होता, प्रत्यक्ष भेट झाली का? त्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहायचं होतं. तिचं पेन दोन्हींच्या मधे घुटमळलं. ‘नाही’ लिहिलं तर परत जावं लागणार होतं. त्या जिन्यावर, त्या हातापुढे. तिने ‘होय’ लिहिलं. सोमवारी बारा वाजता साहेबांची सही झाली की ते प्रकरण बंद होणार आणि त्या दाराकडे सहा महिने कोणी फिरकणार नव्हतं.

आता, भ्यालेल्या माणसाला भीतीतून सुटल्यावर बरं वाटायला हवं. शुक्रवारी संध्याकाळी तिला खरंच बरं वाटलं. भाजी निवडताना ती चक्क गुणगुणली.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर नवरा आडवा झाला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दहा मजली पोकळीत दोरखंडाला लटकून शीळ वाजवणारा माणूस. घरातली भीती सगळी तुझ्या वाट्याला गेली, मला काही उरलीच नाही, असं तो बायकोला चिडवायचा. भागूबाई कपड्यांच्या घड्या करत आत आली आणि दारातच थांबली. पलंग, चादर, चादरीबाहेर दोन पाय.

ती त्या पायांकडे बघत राहिली. हा माणूस झोपलाय की जागा आहे? पायांवरून कळेना. बरा आहे की आजारी? कळेना. श्वास चाललाय?

"अहो," तिने हाक मारली. "अहो!" तिने धावत जाऊन त्याला गदागदा हलवलं.

"अगं, काय झालं? आग लागली का?"

"काही नाही. झोपा."

"आता कशाचा झोपतोय," तो उठून बसला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने चेष्टा आवरली. "काय झालंय?"

तिने भलतंच विचारलं. "तुम्ही लिफ्टची तार तपासता, ती कशी तपासता? लांबून बघून कळतं?"

"लांबून सगळ्याच तारा चांगल्या दिसतात. हाताने चाचपावी लागते, इंच इंच. खाली सही माझी असते ना." तो उशी सरळ करायला लागला. "का गं? आमच्या धंद्यात येतेस की काय?"

ती हसली नाही. रविवार तिने कसा काढला ते सांगण्यात अर्थ नाही. ताटातलं अन्न चिवडलं, इस्त्री करताना नवऱ्याचा शर्ट जाळला, आणि दर तासाला एकच विचार येऊन तिचं काळीज कुरतडत राहिला, की ते पाय हलले होते का? आधी तिला त्या माणसाची भीती वाटत होती. आता त्याहून मोठी भीती होती. आपण एका मेलेल्या बाईला ठणठणीत लिहून आलो असलो तर? आणि ती शुक्रवारी जिवंत असेल आणि सोमवारी नसेल तर?

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच ती मोठ्या बाईंच्या टेबलापाशी उभी होती. सगळं सांगून झाल्यावर तिने मान खाली घातली. आता खरडपट्टी निघणार असं तिला वाटलं. पण मोठ्या बाईंनी नुसता प्रश्न विचारला.

"पाहिलंस काय?"

"पाय."

"हलले?"

"माहीत नाही."

मोठ्या बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तीस वर्षांची मुरलेली बाई, तिलाही भीती वाटते हे भागूबाईने पहिल्यांदा पाहिलं.

"चल," मोठ्या बाई चष्मा पर्समध्ये टाकत म्हणाल्या. "मी बरोबर आहे. पण दारात तूच बोलायचंस. तिथली चूक तुझी आहे."

जिन्यात गुडघ्यांनी दगा दिला. मोठ्या बाई दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबल्या आणि हाताने खूण केली, हो पुढे. तिसऱ्या मजल्यावर भागूबाई एकटीच पोचली. खालून मोठ्या बाईंची धाप ऐकू येत होती, तेवढाच आधार. भागूबाई दाराच्या बाजूला उभी राहिली. बेल दाबली. बोट बेलवरून निघेना.

तोच हात, तीच चौकट. तो कामावर निघायच्या बेतात होता. "परत?"

"दादा, मी शुक्रवारी आले होते," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण थांबला नाही. "आईंना न भेटताच गेले. तुम्ही ओरडलात, मी घाबरले आणि पळाले. चूक माझी. आज त्यांना भेटल्याशिवाय मला जाता येणार नाही."

त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. पळ, असं तिचं अख्खं अंग तिला सांगत होतं.

"पाणी मिळेल का?" भागूबाई म्हणाली. "खरंच हवंय."

त्याने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग हात खाली घेतला आणि आत वळला. दार उघडं राहिलं. ती आत गेली.

त्याने पाणी आणलं तेव्हा अर्धं पाणी वाटेतच सांडलं होतं. एवढा आडदांड माणूस, आणि त्याचा पेला धरलेला हात लटलट कापत होता.

"तुम्ही तिला घेऊन जाल," तो म्हणाला. "मला आत टाकाल."

भागूबाईने पेला रिकामा केला आणि आतल्या खोलीत गेली. आधी वास आला. मग पाय दिसले. तिने धीर करून नजर वर नेली. आजींचे डोळे उघडे होते. ते तिच्याकडेच बघत होते. आणि पांघरुणाखालून एक टॉवेल निघून पलंगाच्या दांड्याला बांधलेला होता. तिने पांघरूण बाजूला केलं. टॉवेलचं दुसरं टोक आजींच्या मनगटाला होतं. तिथलं कातडं सोललं होतं.

"जिन्यावरून पडली," मागून तो बोलायला लागला, आणि एकदा लागल्यावर थांबेना. "मी कामावर गेलो की बाहेर निघते. कोंडलं तर गॅस चालू करते. काय करू मी? कोणाला विचारू? दुपारी धावत येतो, भरवतो, परत बांधतो. बांधताना तिच्याकडे बघत नाही मी." मग तो जमिनीवर बसला आणि तोंड झाकून हुंदके देऊ लागला.

गाठ ओढून घट्ट झाली होती. भागूबाईने गुडघ्यावर बसून ती सोडवायला घेतली. तेवढ्यात आजी बोलल्या. आवाज बारीक, पण स्पष्ट.

"शुक्रवारी तूच आली होतीस ना? निळी पर्स."

"हो आजी."

"मी जागीच होते. हाक मारणार होते." त्यांनी ओठ ओले केले. "मग म्हटलं, आता येतेच आहे आत, कशाला ओरडा? म्हणून नाही मारली."

भागूबाईला रडूही आलं नाही. तिने मान खाली घातली आणि गाठ सोडवत राहिली. मोठ्या बाई धापा टाकत दारात पोचल्या तेव्हा ती अजून गाठच सोडवत होती.

पुढचं काम बरंच लांबलं. आजींच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. मुलाची चौकशी झाली. ती सुरू असताना मोठ्या बाईंनी म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात आजींसाठी जागा मिळवली आणि त्याची वखारीतली वेळ बदलून घेतली. आजी घरी परतल्यावर त्यांना बांधायचं नाही हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं, आणि दर आठवड्याला न सांगता पाहायला जायचं काम भागूबाईकडे आलं. तो जिना ती अजूनही जीव मुठीत घेऊनच चढते. भीती गेली असं सांगितलं तर ते खोटं होईल. दर दाराशी तिच्या पोटात गोळा येतो. फक्त तो घेऊनच ती आत जाते.

पण हे नंतरचं. त्या सोमवारी बारा वाजायला दहा मिनिटं असताना ती ऑफिसात पोचली आणि सहीच्या ढिगातून आपला फॉर्म परत मागितला. ‘होय’ खोडून ‘नाही’ लिहिलं आणि शेजारी स्वतःची सही केली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "याचा मेमो निघेल तुमच्यावर, कळतंय ना?" ती हो म्हणाली. मेमो निघाला, अजून तिच्या फाइलीत आहे.

मग तिने डायरी उघडली. ‘वाटलं’ या रकान्यात लिहिलं: भीती. शुक्रवारचा ‘पाहिलं’ हा रकाना तिने एका रेघेने खोडला, आणि त्याखाली लिहिलं: आजींनी मला पाहिलं. मी आजींना पाहिलं नाही.

मोठ्या बाईंनी ते वाचलं, पर्समधून चष्मा काढला, पुन्हा एकदा वाचलं आणि खाली सही केली.