दावीदमामांची लाट

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही धड नाही. शिरूरला माझं इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगचं दुकान आहे. रांजणगावच्या कंपन्यांमधल्या मशीनची सर्किट कार्डं, मीटर असलं सगळं माझ्याकडे येतं. "साहेब, आपोआप चालू होतंय" असं कुणी म्हणालं की मी आधी सोल्डरिंग बघतो. माझ्या लेखी भूत म्हणजे लूज कॉन्टॅक्ट! अशा माणसाने हे लिहिलंय, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

दावीदमामा दौंडचे, रेल्वेच्या इलेक्ट्रिकल विभागातून रिटायर झालेले. नात्याने माझे कुणी नव्हेत, पण ऑसिलोस्कोप वापरायला मला त्यांनीच शिकवलं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी – हे विजेचा ईसीजी काढणारं यंत्र. छोटा पडदा, त्यावर हिरवी रेघ, आणि वायरच्या टोकाला पेनासारखा प्रोब. काही जोडलं नसेल तर रेघ सरळ. प्रोबच्या टोकाला नुसतं बोट लावलं तरी रेघेची लाट होते, कारण घरातल्या वायरिंगची वीज किंचित आपल्या अंगातही उतरते. मशीन लावलं की आधी बोट लावून बघायचं, ही आम्हा रिपेअरवाल्यांची सवयच. हात कोरडा, ओला, जाड, बारीक... ज्याची त्याची लाट थोडी वेगळी.

मामांचा स्कोप भंगाराच्या लिलावातून आणलेला, उचलताना कंबर धरेल असा. शेवटी शेवटी त्यांचा उजवा हात फार थरथरायचा. काम सुटलं, पण संध्याकाळचा चहा झाला की स्कोप लावायचा, प्रोब हातात धरायचा आणि आतल्या मामींना हाक मारायची, "बघ गं, चालू हाय मी अजून!" मामी आतूनच म्हणायच्या, "व्हय व्हय, दिसतंय." पडद्यावरची लाटही त्यांच्या हातासारखी थरथरायची.

मामा गेले. काही महिन्यांनी मामींचा फोन आला.

"मशीनची रेघ लई फिकट झालीय रे. तेवढी उजळून दे. दुसरं काय करू नको."

मी दौंडला गेलो. चहा झाला, मामींनी स्वतःच बटण दाबलं. रेघ खरंच जेमतेम दिसत होती. मी ब्राइटनेसच्या नॉबकडे हात नेला... आणि रेघेची लाट झाली.

प्रोब टेबलावर पडलेला. जवळ कुणी नाही.

"मामी, हात लागला का तुमचा?"

"मी हितं बसलीय की."

मी ट्यूब बंद केली, पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला. लाट तशीच. वर जायची, खाली यायची, मध्येच अडखळायची. ती थरथर मी ओळखली. मामी पदराने डोळे पुसत होत्या.

"रोज येत्यात. थोडाच वेळ. पर आता मला दिसंना झालंय."

थोड्या वेळाने रेघ पुन्हा सरळ झाली. तोंडाने मी काय म्हणावं? "मामी, हा अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे."

स्कोप शिरूरला आणला, कॅबिनेट उघडलं. बिघाड साधा होता, हाय व्होल्टेजचा एक रेझिस्टर गेलेला. तो बदलून झाकण लावायचं होतं. पण एकदा उघडलेलं मशीन तसंच बंद करणं आमच्या हाताला जमतच नाही. कपॅसिटर फुगलेले दिसले, ते बदलले. लोखंडी बॉडी आणि दोन पिनांचा प्लग... एकटी म्हातारी बाई, शॉक बसला तर? तीन पिनांचा लावला, अर्थिंग दिलं. प्रोबची वायर तडकलेली होती, नवा प्रोब जोडला. जुन्याच्या मुठीवर मामांनी गुंडाळलेला दोरा होता, अंगठ्याच्या जागी घासून काळा पडलेला. तो प्रोब दुकानातल्या भंगारासोबत गेला. आणि लिहायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी माझ्या कामावर जाम खूश होतो.

दौंडला नेऊन लावला. रेघ लख्ख. मामी हरखल्या, चहा टाकला. आम्ही वाट बघत बसलो. रेघ सरळच्या सरळ. चहावर साय आली तरी सरळच. "यील उद्या," मामी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "आज बी न्हाई." त्यानंतर फोन आला नाही, ते जास्त लागलं.

मग दौंडला फेऱ्या मारून मी काय काय केलं! अर्थिंग काढलं. जुने कपॅसिटर पिशवीत ठेवले होते, ते परत बसवले. भंगारवाल्याकडे गेलो, त्याचा माल केव्हाच पुढे पुण्याला गेलेला. दुसऱ्या प्रोबची वायर मुद्दाम खराब करून बघितली. लाट आली, पण दिवसभर, एकसारखी, यंत्रासारखी. तिच्यात थरथर नव्हती.

जाणकार म्हणतील, तुटक्या वायरीने घरातली वीज ओढली असेल. मीही हेच म्हणालो असतो. मग ती चहानंतरच का यायची? थोडाच वेळ का थांबायची? तो फॉल्ट असेल तर मी काढला. पण मामींनी तो काढायला सांगितलाच नव्हता...

शेवटचा गेलो तेव्हा स्कोप चालूच होता.

"मामी, चुकलं माझं."

"असू दे रं. रेघ किती लख्ख दिसतीय आता," त्या म्हणाल्या. मग प्रोब माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "तू धर बघू एकदा."

मी प्रोबला बोट लावलं. मोठी, गुळगुळीत लाट आली. मामी चष्मा सावरून पुढे वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ही तुझी हाय," त्या म्हणाल्या, आणि हात लांब करून बटण बंद केलं.