परवान्यावरचे नाव

भिकाजीतात्या बंदुकीला हात लावण्याआधी मोठ्याने म्हणत, "भरलेली हाय!" समोर दहा माणसे असोत किंवा एकही नसो, हे शब्द उच्चारल्याशिवाय त्यांची ठासणीची बंदूक खुंटीवरून खाली येत नसे. वस्तुतः ती बहुधा रिकामी असे. कोणी हसून म्हणे, "तात्या, सकाळी आमच्यादेखत तर रिकामी केली!" तेव्हा नळीचे तोंड जमिनीकडे ठेवूनच ते त्याच्याकडे वळत.

"सकाळी बघितलंत, खरं हाय. मधी तुमी जेवायला गेलतात. तवर हिच्या पोटात काय गेलं, ते हिनं सांगितलं का तुमाला?"

बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षी मी नेकनूरच्या अलीकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा तात्या पन्नाशीच्या पुढे होते. फौजेतून निवृत्त होऊन ते बौद्धवस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत राहत होते. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा सरळ रेषांनी आखल्यासारखा. चालताना बंदूक कोणत्या खांद्यावर आणि तिचे तोंड कोणत्या दिशेला, याचा हिशेब त्यांच्या पायांना ठाऊक असे. बैलगाडी समोरून आली, तर ते स्वतः वाकडे होत, पण नळी बैलांवरून फिरू देत नसत.

गावात एक सहकारी सोसायटी होती. शिवारातल्या सगळ्या विहिरी आटल्या, एकीला मात्र थोडे पाणी राहिले. सोसायटीने त्या पाण्यावर दोन एकर कडवळ, म्हणजे ज्वारीचा हिरवा चारा, केला. सभासदांच्या घरांना क्रम लावून दिला होता. ज्याचा दिवस, त्याच्या जनावरांना पेंढ्या. साऱ्या शिवारात हिरवे म्हणून तेवढेच होते, त्यामुळे डोंगरातली रानडुकरे पहाटे तिथेच उतरत. तात्यांच्या नावावर शेतरक्षणाचा परवाना होता. सोसायटीने त्यांना त्या प्लॉटचे राखणदार नेमले. त्या वर्षी घरातल्या पाच माणसांची चूल त्या नेमणुकीवर पेटत होती.

तात्यांची बंदूक भरण्याची रीत मी प्रथम पाहिली, तेव्हा मला एखाद्या उत्तम पाठाची आठवण झाली. ही बंदूक तोंडाकडून भरायची. आधी दारू, तिच्यावर चिंधीचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा; आणि हे सारे लोखंडी गजाने ठासायचे. मागच्या बाजूला घोड्याखाली तांब्याची छोटी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत शिरते आणि बार उडतो. तात्या बहुधा छर्रे घालतच नसत. "डुकराला पळवायचंय. त्याच्याशी माझं काय वैर हाय?" नुसत्या आवाजाने काम भागत असे.

परंतु दारूच्याही आधी ते रिकामा गज नळीत सोडत. नळी मोकळी असेल तर तळाशी खणकन आवाज येई. गजावर त्यांनी कानशीने दोन खुणा केल्या होत्या. पहिली खूण नळीच्या तोंडाशी आली, तर बंदूक रिकामी. दुसरी आली, तर एक बार बरोबर भरलेला. दारू डब्यातून थेट नळीत ओतणे त्यांना मंजूर नव्हते. ती आधी पितळी मापात घ्यायची आणि डबा बंद करून दूर ठेवायचा. मी कारण विचारले.

"आत मागच्या बाराची ठिणगी राहिली आसंल, तर मापातली पेटंल. बोटं भाजतील. डबा वतला तर डबा पेटंल. मग बोटं हुडकायला माणसं लागतील."

ठासताना चेहरा नळीच्या तोंडावर आणायचा नाही. बिडीवाल्याने वीस पावले लांब बसायचे. टोपी सगळ्यांत शेवटी, तीही मोकळ्या बाजूला तोंड करून. मी हे सारे वहीत अनुक्रमांक घालून उतरवून घेतले आणि त्यांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले.

"अक्षर लई झ्याक हाय, गुरुजी. पर हे जवळ उभं राहणाऱ्यासाठी. हात लावणाऱ्यासाठी न्हाई. हात लावायला परवाना लागतो."

मार्गशीर्षात तात्या तापाने अंथरुणाला खिळले. दोन पहाटे राखण झाली नाही आणि डुकरांनी प्लॉटचा एक कोपरा उकरून टाकला. सोसायटीचे चेअरमन शिवलिंगआप्पा, गावातले जुने दुकानदार, तात्यांकडे गेले आणि दारूच्या पेटीची किल्ली घेऊन आले. त्यांना सांगितले, की बंदूक आणि पेटी सोसायटीत सुरक्षित ठेवतो. संध्याकाळी ते माझ्याकडे आले.

"गुरुजी, तुमी शिकलेले. वहीत समदं लिहिलंय म्हणं. उद्याच्या पहाटे एक बार काढा. गावाची जनावरं हायत."

मी नाही म्हणायला हवे होते. पण गावाने शिक्षकाकडे काही मागावे, याची तेव्हा मला भूल पडली. शिवाय, खरे सांगायचे तर, ती बंदूक एकदा आपल्या हातात यावी असे मला वाटतच होते.

पहाटे फटफटताना मी आणि नामदेव नावाचा एक सभासद बांधावर बसलो. मी वही उघडी ठेवून भरायला लागलो. मी दारूच्या अनुक्रमांकावर होतो, तोच नामदेव ओरडला, "आले! आले! उडवा की गुरुजी!" मी घाईघाईने उरलेले उरकले, टोपी बसवली आणि चाप ओढला. टोपी टक् करून फुटली. बार झाला नाही.

माझ्या मनात एकच विचार आला: गडबडीत दारूच घालायची राहिली. काही क्षण थांबून पाहावे, गज सोडून पाहावा, हे सुचले नाही. कारण बार न उडाल्यास काय करावे, याला माझ्या वहीत अनुक्रमांकच नव्हता. मी पुन्हा त्याच अनुक्रमांकापासून, म्हणजे दारूपासून, सुरुवात केली. दारू, बोळा, आणि या वेळी जोर यावा म्हणून मूठभर छर्रे. नवी टोपी बसवून मी बंदूक खांद्याला लावली. डुकरे प्लॉटच्या मध्यभागी पोहोचली होती.

"गुरुजी! चापावरचं बोट काढा!"

अंगावर घोंगडी घेऊन, काठीच्या आधाराने तात्या बांधावरून येत होते. तापाने त्यांचे दात वाजत होते, पण आवाज स्थिर होता. "त्वांड त्या मातीच्या ढिगाकडं. तसंच धरा. हलू नका." त्यांनी माझ्या मागच्या बाजूने येऊन बंदूक हातात घेतली, घोडा अंगठ्याने सावकाश उचलून टोपी काढली आणि बराच वेळ तशीच ढिगाकडे रोखून धरली. मग चेहरा बाजूला ठेवून गज आत सोडला. आवाज भद्द आला. दुसरी खूण नळीच्या तोंडापासून वीतभर वरच राहिली.

"दोन बार हायत," ते म्हणाले.

"अहो तात्या, चारा चाललाय सगळा! उडवून टाका एकदाचं!" नामदेव काकुळतीला आला होता.

"चारा फिरून उगवंल. गुरुजींचं तोंड न्हाई उगवणार. तू पत्र्याचा डबा वाजव बे, वरडतोस काय नुसतं!"

त्यांनी नळीत पाणी ओतले, दारू भिजू दिली आणि गजाच्या टोकाला मळसूत्र लावून एकेक बोळा ओढून काढला. शेवटी काळा चिखल बाहेर आला. तोवर उजाडले होते आणि चाळीसेक पेंढ्यांचा चारा तुडवला गेला होता. मी विचारले, "तुम्हाला कसे कळले?"

"वस्तीवर आरडावरडा ऐकू आला. बार ऐकू आला न्हाई. मग उठलो."

त्याच दिवशी सोसायटीची सभा झाली. ज्यांचा क्रम दुसऱ्या दिवशी होता, ते संतापलेले होते. बंदूक असून उडाली का नाही, असा प्रश्न निघाला. तात्या उभे राहिले. "दोनदा ठासली गेलती. परवाना माझ्या नावावर हाय. जबाबदारी माझी." मागून कोणी म्हणाले, "फौजेत हेच शिकवलं व्हय, तात्या?" लोक हसले. आप्पा सतरंजीकडे पाहत राहिले. नामदेव माझ्याकडे पाहत राहिला. मी सरकारी नोकर होतो, परवान्याशिवाय बंदूक हाताळली होती, आणि मी बसून राहिलो. तात्यांची नेमणूक त्याच सभेत रद्द झाली.

आठ दिवसांनी मी त्यांना भेटायला गेलो. ताप पुरता उतरला नव्हता, तरी ते रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मी म्हणालो, "तात्या, तुम्ही मला वाचवलेत."

हातोडी थांबली. "कुणी सांगितलं? मी माझं सांगितलं. किल्ली मागितली तवा मी दिली, ती माझी चूक. कावून दिली? आप्पा मोठा माणूस, दारात आला, म्हणून दिली. बंदूक तुमी ठासली, ती तुमची. ती मी कशाला सांगू? आन् माझी सांगून तुमची फिटती व्हय?"

त्यांनी दुसरा दगड समोर ओढला. "शाळा भरायची येळ झाली, गुरुजी. जावा."

मी शाळेत गेलो खरा, पण त्या दिवशी वजाबाकीची तीन उदाहरणे फळ्यावर चुकवली. संध्याकाळी आप्पांना भेटून सभा बोलवायला सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, झालं गेलं. तुमची नोकरी हाय, माझी अब्रू हाय." मी सांगितले, की सभा बोलावली नाहीत, तर मी चावडीवर उभा राहून सांगेन.

सभेत मी सारे क्रमाने सांगितले: काय केले, कोणत्या घाईत केले आणि मागच्या सभेत का बोललो नाही. कोणी हसले नाही. तात्या दाराशी उभे होते. माझे संपल्यावर ते म्हणाले, "आन् किल्ली मी दिलती. तेबी लिवून घ्या." मग आप्पा घसा साफ करून म्हणाले, "किल्ली मी आणली. गुरुजींना मी पाठवलं." सोसायटीच्या इतिवृत्तात एकाखाली एक अशा तीन चुका लिहिल्या गेल्या.

सत्याची किंमत मोजावी लागली. चौकशी झाली, तात्यांची बंदूक ठाण्यात जमा झाली आणि माझी बदली झाली. पण राखणदारी त्यांना परत मिळाली. ते पहाटे पत्र्याचा डबा वाजवत प्लॉटभोवती फिरू लागले. लोक चिडवत, "काय तात्या, बंदूक गेली, डबा आला!" ते म्हणत, "डब्याला परवाना लागत न्हाई. कुणीबी या, वाजवा." आणि खरोखर, दररोज एकेका घरचा माणूस त्यांच्याबरोबर फिरू लागला. त्या उन्हाळ्यात कडवळ टिकले.

मी निघालो, तेव्हा ते एस.टी.पर्यंत माझी वळकटी घेऊन आले. गाडी यायला वेळ होता. त्यांनी विचारले, "तिकडं इचारतील, बदली कावून झाली. काय सांगताल?"

"प्रशासकीय कारण," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पुन्हा बंदुकीला हात लावला होता. "बंदूक दोनदा ठासली, आसं सांगा. हसतील. हसू द्या. त्यातला एकजण तरी ध्यानात ठेवील."

ती आमची शेवटची भेट. काही वर्षांनी ते गेल्याचे नामदेवच्या पत्रातून कळले.

घाटनांदूरच्या बाजूला नव्या शाळेत रुजू झालो, त्या दिवशी मुख्याध्यापकांनी चहा मागवला आणि बदलीचे कारण विचारले. मी सांगितले. ते खूप हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "मग? उडाली का?"

"नाही," मी म्हणालो. "तापात एक माणूस उठून आला."