पायऱ्यांचा कठडा आणि पाहुण्यांचा कर

आमचे हे इथे जपानमध्ये एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी आहेत. मी सकाळी डोंगराकडच्या एका छोट्या लॉजमध्ये अंथरुणं बदलायला आणि खोल्या झाडायला जाते. शाळा चौथीपर्यंतच झाली. जपानी मोडकंतोडकं येतं, पण चार लोकांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरते.

लॉजला जायच्या पायऱ्यांवर, वरच्या टोकाला एक जपानी आजी एकट्या राहतात. इथे माझ्याशी आपणहून बोलणाऱ्या पहिल्या त्याच. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांना पायऱ्या उतरवत नाहीत, कारण धरायला कठडा नाही. लेक म्हणते, घर विक आणि माझ्याकडे ये. आजींना जायचं नाही. त्या गेल्या तर मी कुणाकडे बसू, हेही माझ्या मनात होतंच.

आमच्या शहरात लॉजमध्ये उतरणाऱ्यांकडून भाड्यावर थोडा कर घेतात. तो कशावर खर्च करावा, हे विचारायला नगरपालिकेने वस्तीत बैठक ठेवली. लॉजच्या मालकीणबाई मला सोबत घेऊन गेल्या. त्यांनी कठड्याचा विषय काढला. नगरपालिकेचा माणूस वाकून म्हणाला, "हा पैसा पाहुण्यांच्या सोयीसाठीच वापरता येतो. रहिवाशांच्या कामाला दुसरा निधी आहे, पण त्याला वेळ लागेल."

सगळे गप्प. इथे असे गप्प बसले की विषय मिटला समजायचं.

मालकीणबाईंनी मला कोपराने ढोसलं. "तुमची ती बॅगेची गोष्ट सांगा."

"नको हो."

"मग मी सांगते. तिखटमीठ लावून सांगेन."

म्हणून मीच उठून सांगितलं. आपल्याकडे पाहुणा आला की आधी त्याच्या हातातलं घ्यायचं. त्या सवयीने मी एकदा पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या एका परदेशी बाईंची बॅग न विचारता उचलली आणि चढू लागले. त्यांना वाटलं, चोर. त्या मागे धावल्या आणि धरायला काही नसल्याने मधेच आपटल्या. एवढं सांगून मी खाली बसले.

"मग पोलीस आले का?" मागून एका म्हाताऱ्यांनी विचारलं.

"नाही. त्या आमच्याकडे चहा प्यायल्या."

सगळे हसले. नगरपालिकेचा माणूस मात्र हसला नाही. "पाहुणे याच पायऱ्यांनी येतात?"

"दुसरी वाटच नाही," मालकीणबाई म्हणाल्या.

"मग हे पाहुण्यांचंही काम आहे. मी येऊन बघतो," तो म्हणाला.

तो खरंच आला, पायऱ्या चढून-उतरून गेला. आता मंजुरी मिळाली आहे. काल मापं घ्यायला आलेल्या कामगाराने विचारलं, "कठडा कुठल्या बाजूला?"

आजी दारातूनच म्हणाल्या, "दोन्ही."

"पण हा पाहुण्यांसाठी आहे, आजी."

"पाहुण्यांनाही दोन हात असतात."

त्याने मान डोलावली आणि फीत घेऊन दुसऱ्या बाजूला गेला. आजींनी मला आत बोलावून फोन मागितला. घर बघायला येणाऱ्या दलालाला सध्या पाठवू नकोस, असं त्यांनी लेकीला सांगितलं.