भिंत वाजवून घेतलेलं घर

माझ्या नवऱ्याला भिंती वाजवायची सवय आहे. कुणाच्याही घरी गेलो की चहा येईपर्यंत हे उठणार, भिंतीजवळ जाणार आणि बोटाच्या पेरांनी टकटक करून कान देऊन ऐकणार. लोकांना वाटतं, रिटायर माणूस, वेळ जात नसेल. पण ही सवय क्वार्टरमध्ये लागली. हिंदी मुलखातल्या कारखान्याच्या टाऊनशिपमधलं, सेक्टर सहातलं आमचं कंपनीचं क्वार्टर जुनं, पावसाळ्यात छत कुठे ना कुठे फुगायचं आणि प्लास्टरचा तुकडा खाली यायचा. म्हणून मे महिना लागला की हे झाडूचा दांडा उलटा धरून प्रत्येक खोलीचं छत ठोकत फिरायचे. आवाज भरीव आला तर पुढे. पोकळ आला तर तिथला पलंग सरकवायचा आणि मेंटेनन्सच्या ऑफिसात तक्रार लिहून यायची.

आमची एकुलती एक मुलगी लहानपणी यांच्या मागेमागे फिरायची. डोळे मिटून उभी राहायची आणि सांगायची, "बाबा, इथं पोकय आहे." बरोबर असायचं. गाण्याच्या क्लासमधून बाईंनी तिला हात जोडून घरी पाठवलं होतं, पण छताचा आवाज मात्र तिला अचूक कळायचा. हे खूश होऊन म्हणायचे, पोरीनं माझा कान घेतला.

ज्या वर्षाबद्दल सांगते आहे, त्या वर्षी आम्हाला क्वार्टर खाली करायचं होतं. यांच्या रिटायरमेंटनंतर काही काळ राहू देतात, ती मुदत दिवाळीला संपत होती. आणि आमचं स्वतःचं घर कुठेच नव्हतं. टाऊनशिपमध्ये जन्म घालवलेल्या माणसाला घर हे नोकरीबरोबर मिळतं आणि ग्रेड वाढली की मोठं होतं, एवढंच ठाऊक असतं. ज्यांना अक्कल होती त्यांनी टाऊनशिपबाहेर रिसालीकडे प्लॉट घेऊन ठेवले. आमचे हे म्हणायचे, "कंपनीनं देलं ना, मग आपल्याले कायले पायजे?" अमरावतीकडे यांचं जे काही होतं ते भावांनी केव्हाच विकलं. शिल्लक होती ती मुलीच्या शिक्षणात गेली, त्याचं मला दुःख नाही. पण भाजी निवडता निवडता मधेच मनात यायचं, की दिवाळीनंतर मी ही भाजी कुठे बसून निवडणार आहे?

मुलगी टोरंटोला. जावई भला माणूस, दोघंही नोकरी करतात. त्या उन्हाळ्यात त्यांचं घर घेणं चाललं होतं आणि मामला दोन घरांवर येऊन अडकला होता. दोन्ही उंच इमारतींतले फ्लॅट, तिकडे त्याला कॉन्डो म्हणतात. एक जुना, आमच्या लग्नाच्याही आधी बांधलेला. एक अगदी नवा, काचेचा.

"जुना मोठा आहे आई," ती सांगायची. "दोन बेडरूम, बालकनी एवढी की पापड वाळत घालशील. पण महिन्याचा मेंटेनन्स खूप लेते हैं. और पाईप पुराने आहेत. उद्या बिल्डिंगचं काही मोठं काम निघालं तर सगळ्यांकडून वेगळे पैसे घेतात."

"आणि नवा?"

"नवा चकाचक. जिम आहे, स्विमिंग पूल आहे. मेंटेनन्स कम, निदान सुरवातीला. पण बेडरूम एकच. आणि एक कोपरा आहे, टेबल लावण्यापुरता."

एक बेडरूम आणि दोन बेडरूम. एवढं ऐकलं आणि माझे कान टवकारले. माझ्यासाठी जुनं-नवं हा प्रश्नच उरला नाही, खोली आहे की नाही एवढाच उरला.

पण खोली असून उपयोग काय, हेही मला ठाऊक होतं. यांच्या घराण्यात बाप लेकीच्या घरी राहत नाही. अन्न घेत नाही, घेतलंच तर फुकट घेत नाही. ती लग्नानंतर बेंगळुरूला होती तेव्हा आम्ही गेलो, तर हे स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले. मी लेकीकडे आणि हे लॉजवर! दिवसा यायचे, चहा प्यायचे आणि उठताना कपाखाली नोट ठेवून जायचे. मुलगी रडली, जावयानं हात जोडले, मी भांडभांड भांडले. हे म्हणाले, "माह्या बापानं केलं, मीबी करीन." ज्या माणसानं स्वतःच्या लेकीला कॉलेजात पाठवताना बापाचं ऐकलं नाही, त्याला कपाखालची नोट मात्र बापाची हवी.

एका शनिवारी ती घरं बघायला गेली आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, इकडे मी नुकताच देवाजवळ दिवा लावला होता. आधी जुनं घर दाखवलं. गालिचा विटलेला, स्वयंपाकघरातली कपाटं माझ्या माहेरच्यासारखी तपकिरी. पण दुसरी खोली! पूर्वेची खिडकी, खिडकीबाहेर मोठं झाड, भिंतीत कपाट. मुलीनं फोन त्या खोलीत खूप वेळ फिरवला. "आई, ही खोली बघ," म्हणाली. बाहेर जाऊन परत आली आणि पुन्हा म्हणाली, "आई, ही खोली नीट बघ." मी नीट बघितली. देव कुठे मांडायचे तेही मनात ठरवून टाकलं.

तेवढ्यात हे म्हणाले, "बेटा, भिंत वाजव."

ती हसली. घर दाखवणारी बाई शेजारी उभी असणार, पण तिनं कसलाही संकोच न करता भिंतीला बोटं मारली. टक टक. भरीव. हे पुढे सरकले. "आता दुसरी." टक टक. भरीव. "वा," हे म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी मी त्यांच्या तोंडावर हसू पाहिलं.

मग नवं घर. पंचविसाव्या मजल्यावर, खालपासून वरपर्यंत काच, खाली सगळं शहर आणि तळं. तिनं न सांगताच भिंत वाजवली. पोकळ. दुसरी वाजवली. पोकळ. फोनमधूनसुद्धा कळत होतं, आत पोकळी आणि वरून नुसता पत्रा मारावा तसं. कोणतं घर चांगलं, ते कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यानंतरचा आठवडा मी सुखात होते. खोटं कशाला सांगू? रोज सकाळी चहा घेताना मनातल्या मनात सामान लावत होते. हे घेऊ, ते इथंच देऊन टाकू. अंगणातला कढीपत्ता शेजारणीला सांगून ठेवू. यांना विचारलं नाही, कारण मला वाटलं, यांच्या कानानं निकाल दिला आहे. हा माणूस रीतभात सोडणार नाही, पण भरीव भिंत सोडून पोकळ भिंतीला चांगली म्हणणं? ते तर याच्या हातून होणारच नाही. आधी घर तर होऊ दे, लॉजचं मग पाहून घेऊ.

रविवारी मुलीचा फोन आला. इकडचं-तिकडचं काही नाही, सरळ यांनाच विचारलं.

"बाबा, कोणता घेऊ? जुना की नवा? तुम्ही सांगाल तोच घेते."

यांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. मग म्हणाले, "नवा घे."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी तोंड उघडलं तर यांनी हात वर करून मला थांबवलं.

"नवा?" मुलगी म्हणाली. "बाबा, भिंती ऐकल्या ना तुम्ही?"

"भिंतीचं काय घेऊन बसली. तिकडे समदं तसंच बांधतात. जुन्या घराची मरम्मत माणसाले खाऊन टाकते, आमी जिंदगीभर पाहूनच राहिलो ना. आन् दोन माणसाले दोन बेडरूम कायले पायजे?"

मग तिनं हळूच विचारलं, "पक्का, बाबा?"

"पक्का."

"आई?" ती म्हणाली. पण फोन यांच्या हातात होता. "आईचंबी तेच म्हणणं आहे," असं म्हणून यांनी फोन ठेवून दिला.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. इतक्या वर्षांचा संसार, पण त्या दिवशी मला हा माणूस समोर नको झाला होता. मी म्हटलं, "कावून खोटं बोलले तुमी तिच्यासंगं? तुमचे कान गेले का?"

"कान नाई गेले," हे म्हणाले. "ते खोली तिनं कोनासाठी पाहून ठेवली, मले समजत नाई का? आपल्यापायी ते पोरगी जुनं घर गळ्यात बांधून घेऊन राहिली. उद्या पाईप फुटले, जावयाच्या खिशातून पैसे गेले, तर तो काय म्हनल? सासऱ्यानं भिंत वाजवली आन् आमाले बुडवलं?"

"तो असं म्हनल का? तो माणूस तुमच्यासमोर हात जोडून उभा होता!"

"मले जमत नाई," हे म्हणाले. "लेकीच्या घरी मले घास गिळल्या जात नाई. तू जा. मी राहीन कुठंबी."

आता मी एकटी जाणार, आणि हे कुठंबी राहणार! हे असं बोलणारा माणूस भोळा वाटतो, पण त्याच्याइतका कठोर कुणी नसतो.

दुसऱ्या दिवशी हे भाजी आणायला पावर हाउस भागातल्या बाजारात गेले तशी मी मुलीला फोन लावला. म्हटलं, सगळं सांगून टाकते. दिवाळीनंतर आम्हाला छप्पर नाही, हे तिला आम्ही तोपर्यंत नीट सांगितलंच नव्हतं. "होऊन जाईल व्यवस्था" एवढंच हे तिला सांगत आले होते.

तिनं फोन उचलला तो रडवेल्या आवाजात. "आई, नव्याची ऑफर दिली आम्ही. विकणाऱ्यांनी मानली पण."

"बेटा, ते बाबा…"

"मला माहीत आहे गं. 'बाबा, माझ्याकडे राहायला या,' असं म्हटलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते. म्हणून नुसतं जुना की नवा विचारलं. वाटलं, खोलीला नाही म्हणतील, पण अच्छी दीवार को ना नहीं बोलेंगे. मला त्यांच्या कानावर भरोसा होता, आई. तुम्हाला नसेल यायचं, तर मला तरी दुसऱ्या खोलीचं काय करायचं आहे?"

यायचं नसेल! छपराबद्दल जे सांगायला फोन केला होता ते सांगितलं नाही. आता सांगून काय होणार होतं? तिच्या घराच्या आनंदात माती कालवली असती, एवढंच.

दिवाळीच्या आधी आम्ही क्वार्टरची किल्ली परत केली. पावर हाउसच्या बाजूला, बाजारामागे, दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. घरमालक दाखवत होता तेव्हा हे हात पाठीमागे बांधून उभे राहिले. भिंतीला ओल होती, रंग फुगला होता. मी म्हटलं, "वाजवून तरी पाहा." हे म्हणाले, "आता काय वाजवाचं." सामान लावताना मी पलंग भिंतीपासून हातभर लांब ठेवला. दिवसभर दुकानांचा गलका आत येतो आणि कढीपत्ता आता मला विकत आणावा लागतो. सकाळी चहा घेताना मनात लावायला काही सामान उरलेलं नाही.

मुलीनं गृहप्रवेशाच्या दिवशी व्हिडिओ कॉल केला. काचेतून ऊन आत आलं होतं, जावयानं कुर्ता घातला होता. तो कोपराही दाखवला, तिथं एक टेबल आणि दिवा होता. मग ती भिंतीजवळ गेली आणि तिनं बोटं मारली. टक टक. तोच पोकळ आवाज.

"बाबा, कशी आहे?"

"ठोस आहे, बेटा," हे म्हणाले. "मस्त घर घेतलं."

"आता तुमची वाजवा. मी अजून तुमचं नवं घर पाहिलंच नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. मग यांनी फोन चेहऱ्याजवळ धरला, तिला फक्त चेहरा दिसेल असा, आणि खाली वाकून फरशीवर बोटं मारली. टक टक.

"ऐकलं?" हे म्हणाले. "एकदम ठोस."

डोळे मिटून छत सांगणारी माझी पोरगी ती. तिला भिंत आणि फरशी कळत नाही असं कसं होईल?

"हो बाबा," ती म्हणाली. "ठोस आहे." आणि तिनं फोन खिडकीकडे वळवला.